पैसा जात कुठे होता: गिरणगावातले कोकणी आणि उल्हासनगरचे सिंधी

मी एका बँकेत सदतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी अकरा वर्षे उल्हासनगरच्या शाखेत कर्जविभागात काढली. राहत होते लालबागला, गिरणगावातल्या चाळीतल्या खोलीत. माझे वडील त्या खोलीतून गिरणीत जात आणि साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत. सकाळी करी रोडहून गाडी पकडायची, दिवसभर सिंधी व्यापाऱ्यांची खाती तपासायची आणि संध्याकाळी कोकणी गिरणी कामगारांच्या वस्तीत परतायचे, असा माझा दिवस असे. त्यामुळे मुंबई परिसरात बाहेरून आलेल्या या दोन समाजांचे व्यवहार मला जवळून पाहता आले. त्या काळात एक वाक्य मी घरी, गाडीत आणि कचेरीत असंख्य वेळा ऐकले, आणि आजही ऐकते: "सिंधी अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि दुकानदार झाले, आपला माणूस शंभर वर्षे गिरणीत राबला आणि कामगारच राहिला." या वाक्यातली वस्तुस्थिती बऱ्याच अंशी खरी आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे धंदा आपल्या रक्तातच नाही हा, मला चुकीचा वाटतो. तो का चुकीचा वाटतो, हे मला नीट मांडायचे आहे.

तुलनेची मर्यादा आधी सांगते. कोकणी माणूस आपल्याच मुलखातून, आपल्याच भाषेच्या शहरात आला आणि येतच राहिला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून पुढच्या चार-पाच पिढ्या ही ये-जा चालली. सिंधी माणूस फाळणीमुळे एकदाच, एकगठ्ठा आला आणि त्याला परत जायला वाट उरली नाही. एक चाकरमानी, दुसरा निर्वासित. दोघेही समुद्रावरून बोटीने मुंबईला उतरले, इतके साम्य मात्र आहे.

त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे मुंबईला येत, ती शेत सोडून येत नसत. शेत टिकवण्यासाठी येत. खोती पद्धतीत पिकाचा मोठा वाटा गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरी जाई, डोंगरउताराच्या हलक्या, वरकस जमिनीतून निघणारी नाचणी वर्षाला पुरत नसे आणि रोख रकमेचे दुसरे साधन गावात नव्हते. खोती कायद्याने १९४९ मध्ये संपली, तोपर्यंत घरटी एक माणूस गिरणीत धाडण्याची रीत पक्की झाली होती. माझे आजोबा असेच आले. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत ते वीस-बावीस जणांबरोबर राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी आणि पाळीप्रमाणे झोपायची जागा. जेवण खानावळीत. सुरुवातीची वर्षे बदली कामगार म्हणून गेली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचे काम मिळवायचे. अशा माणसाला महिन्याची मिळकतच आधी ठाऊक नसे, मग शिल्लक कशाच्या आधारावर ठरवणार?

वडिलांच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांची चळत सापडली, तेव्हा मी बँकेतल्या सवयीने त्यांची बेरीज केली. १९७४ आणि १९७५ या दोन वर्षांत दरमहा ६० रुपये, पुढची तीन वर्षे दरमहा ९० आणि १९७९ पासून १९८१ अखेरपर्यंत दरमहा १५०. आठ वर्षांत १०,०८० रुपये गावी गेले. याच काळात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने डोंबिवलीत १८,००० रुपयांत एक खोली आणि स्वयंपाकघर मालकीने घेतले होते. म्हणजे डोंबिवलीच्या घराची निम्म्याहून जास्त किंमत वडिलांनी गावच्या घराची कौले, आजीचे औषध, काकांच्या मुलांची शाळा आणि गणपतीचा खर्च यांत घातली. त्यात उधळपट्टी काहीच नव्हती. एका पगारावर दोन चुली पेटत होत्या आणि दुसरी चूल विझू देणे हा पर्यायच त्यांच्यापुढे नव्हता. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश' म्हणताना आपण घेणाऱ्याकडे पाहतो. देणाऱ्याच्या हातून भांडवल कसे निसटत गेले, तिकडे फारसे कुणी पाहत नाही.

आता सिंधी बाजू. "अंगावरच्या कपड्यांनिशी आले" हे मालमत्तेपुरते खरे आहे. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदू कुटुंबे बोटी भरभरून मुंबईकडे निघाली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत त्यांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. बराकीत पडद्याने कुटुंबे वेगळी केलेली, नळाला रांग आणि संडास सामाईक, अशी ती सुरुवात होती. ती सोसलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही त्यांनी सोबत काय आणले होते, हे पाहावेच लागते. सिंधमधले हिंदू मोठ्या प्रमाणावर शहरांत राहणारे होते. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या फाळणीच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या बाजारात चालत आणि इथे त्यांना मुलतानी म्हणत. सिंधमधल्याच हैदराबादच्या, सिंधवर्की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या परदेशांतल्या बंदरांत होत्या. आमिल घराण्यांत वकील, शिक्षक आणि सरकारी अधिकारी होते. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे हे शहर आणि इथले कायदे त्यांना परके नव्हते. जमीन, घर, दुकान गेले. हिशेब ठेवण्याची, उधारी फिरवण्याची आणि अनोळखी माणसाला माल विकण्याची विद्या बोटीतून आली. ती जकातीला दाखवावी लागत नाही. शिक्षणसंस्थाही त्यांनी पाठोपाठ उभ्या केल्या: १९४८ मध्ये जयहिंद, १९४९ मध्ये वांद्र्याचे नॅशनल, १९५४ मध्ये के. सी. महाविद्यालय. गिरणगावातल्या पहिल्या पिढीजवळ अशी पूर्वतयारी नव्हती, कारण ती थेट नांगरावरून साच्यावर आली होती.

माझ्या शाखेत एक वयस्क कापड व्यापारी येत. त्यांचे वडील १९४९ मध्ये लोकलच्या डब्यात पापड आणि गोळ्या विकत. ते सांगत, "मॅडम, रात्री खोलीत माल झोपायचा आणि आम्ही बाहेर ओट्यावर. दिवसभराची विक्री सकाळी मालातच जायची." हे त्यांनी मला सहज, स्टॉक स्टेटमेंटवर सही करता करता सांगितले. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून वडिलांच्या पावत्यांशेजारी ते वाक्य आहे. त्यांच्या वडिलांकडे पैसे पाठवायला गाव राहिले नव्हते. दुःख म्हणून ते केवढे मोठे आहे, याची मला जाणीव आहे. पण भांडवलाच्या दृष्टीने पाहिले तर मिळालेला प्रत्येक रुपया दुसऱ्या दिवशी पुन्हा धंद्यातच उतरत होता. नफा थोडा ठेवायचा, माल भराभर फिरवायचा आणि अडले तर नात्यातल्या माणसाकडून किंवा भिशीतून उचल घ्यायची, असे ते चक्र होते. आमच्या चाळीतही भिशी होती, परंतु ती उचलली जाई लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा पावसाळ्यापूर्वी गावच्या घराची शाकारणी करण्यासाठी.

दुसरा फरक सरकारने केला आणि आपल्या घरगुती चर्चेत तो नेहमी गळतो. निर्वासितांच्या उद्योगांना कर्ज देण्यासाठी केंद्र सरकारने १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन केले आणि १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल नुकसानभरपाई देण्याची व्यवस्था केली. भरपाई दाव्याच्या पूर्ण रकमेइतकी नव्हती आणि ज्यांच्याकडे तिकडे काहीच नव्हते त्यांना दावाही करता आला नाही. तरी बराकीची जागा अनेकांच्या नावावर झाली आणि हातात सनद, म्हणजे मालकीहक्काचा सरकारी कागद, आली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सनद म्हणजे तारण. तारण असले की कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी फिरते कर्ज, मंजूर होते आणि एका दुकानाचे दोन गाळे होतात.

गिरणगावातल्या माणसाकडे तारण काय होते? चाळीची खोली भाड्याची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठवले आणि त्यामुळे आम्ही शहराच्या मध्यभागी टिकलो, हे उपकार मी विसरणार नाही. पण भाड्याची खोली बँकेकडे गहाण टाकता येत नाही. गावची जमीन होती, तर तिच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची सगळी नावे. नोकरीच्या काळात एका कोकणी तरुणाने छापखान्यासाठी कर्ज मागितले होते. त्याच्या सातबाऱ्यावर सतरा नावे होती आणि त्यांतल्या तिघांचा पत्ता घरच्यांनाही ठाऊक नव्हता. नियमाप्रमाणे मला ते प्रकरण परत पाठवावे लागले. त्याची धंद्याची समज उल्हासनगरच्या कुणाही तरुणाइतकीच पक्की होती, हे मी त्याने मांडलेल्या आकड्यांवरून खात्रीने सांगू शकते.

रक्ताच्या सिद्धांताला सर्वांत चोख उत्तर गिरणगावातल्या बायकांनी दिले आहे. खानावळ चालवणारी बाई पंधरा-वीस कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घाली, पगार झाला की पैसे घेई आणि मधल्या काळात वाण्याची किंवा सावकाराची देणेकरी असे. हा चांगला चालणारा धंदा होता. अडचण फक्त खेळत्या भांडवलाची होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना गटाच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. त्यांनी ते फेडले. सोय झाली तेव्हा धंदाही झाला.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मी १९८३ मध्ये बँकेत लागले, तेव्हा घरात आईचे मंगळसूत्र नव्हते. चाळीतले कितीतरी लोक गावी गेले, कारण जायला गाव होते. इतकी वर्षे मनीऑर्डरने जपलेल्या त्या घरानेच त्या दोन वर्षांत आम्हाला तांदूळ पुरवला. म्हणून वडिलांचा हिशेब चुकला असे मी कधीच म्हणू शकत नाही. त्यांचा पैसा विम्यात गेला होता, भांडवलात नाही, इतकेच म्हणता येईल. विमा संकटात तारतो, वाढत मात्र नाही.

फाळणीच्या निर्वासितांसाठी वसाहत, कर्ज आणि भरपाई यांची यंत्रणा पाच-सात वर्षांत उभी राहिली. गिरण्या बंद पडल्यावर लाखो माणसांची उपजीविका गेली, त्यांच्यासाठी त्या तोडीचे काहीही उभे राहिले नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी मिळण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त रिकाम्या भूखंडापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या घरांची सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांसाठी. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरे निघाली. अर्जदार दीड लाखाच्या वर होते. साडेनऊ लाख रुपयांना २२५ चौरस फुटांचे घर, तेही संपानंतर अडतीस वर्षांनी, आणि नाव निघाले तर. आईच्या नावाने भरलेला आमचा अर्ज अजून तसाच आहे.

उल्हासनगरचे चित्र मी एकाच रंगात रंगवणार नाही. तिथले श्रीमंत व्यापारी सर्वांना दिसतात. फर्निचर बाजारात हमाली करणारा, घरी बसून बटणे लावणारी किंवा जीन्सच्या कारखान्यात रसायनात हात बुडवणारा सिंधी कुणाच्या उदाहरणात येत नाही. ज्या सनदींवर इमारती उठल्या, त्यांतल्या पुष्कळ अनधिकृत निघाल्या, आणि मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. गिरणगावही एकसारखे नव्हते. दलित कामगारांना साचा खात्यात, म्हणजे विणाईच्या कामावर, घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तोच धोटा इतरांच्याही तोंडाला लागे. म्हणजे जास्त पगाराचे कामच त्यांना बंद होते; डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. 'कोकणी कामगार' म्हणताना ही दरी झाकली जाऊ नये, असे मला वाटते.

सध्या आमच्या गावच्या जमिनीला गिऱ्हाईक आले आहे. पूर्वी ज्या वरकस जमिनीला कुणी विचारत नव्हते, तिच्यासाठी मुंबईचा एक खरेदीदार चांगली किंमत द्यायला तयार आहे. सातबाऱ्यावर आता बावीस नावे आहेत आणि वडिलांच्या पश्चात त्यांत माझेही एक आहे. येत्या गणपतीत सगळे जमतील. माझ्या पुतण्याला त्याच्या वाट्यातून नवी मुंबईत गाडी दुरुस्तीचे वर्कशॉप टाकायचे आहे, आणि त्याने केलेला हिशेब मी तीनदा तपासला. तो बरोबर आहे. एकोणीस सह्या झाल्या आहेत. मी अजून केलेली नाही. पुतण्या परवा म्हणाला, "आत्या, बँकेत असतीस तर मला कर्ज दिलं असतंस ना?" दिले असते. पण १९८२ च्या त्या पोत्यातला तांदूळ मी खाल्लेला आहे, आणि सही करायची तर जमिनीच्या विक्रीच्या कागदांवर नीट लिहून घ्यावे लागेल की घराखालचे चार गुंठे विक्रीतून वगळले आहेत. तेवढे खरेदीदाराला मान्य आहे का, हे विचारायला मी पुढच्या रविवारी गावी जात आहे.