शाळूला बीएसएफचं अळीखत : नोंद ३, पेरणीपूर्वी

अथणीकडच्या काळ्या रानात शाळूची पेरणी सप्टेंबरअखेर सुरू होते, म्हणून फ्रासचा, म्हणजे अळीखताचा, ढीग ऑगस्टमध्येच लागलेला बरा. ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) या माशीच्या अळ्या खाद्यातून चाळून काढल्यावर उरतो तो फ्रास: विष्ठा, न खाल्लेलं खाद्य आणि अळ्यांची टाकलेली कात. दिसायला चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत, म्हणून तयार वाटतं. पण ताज्या फ्रासमधला अमोनिया कोवळं मूळ जाळतो. चार-पाच आठवडे मुरवायलाच हवं.

ढीग अडीच फुटांहून बुटका नको. तो तापत नाही, आणि चाळणीतून निसटलेल्या बारीक अळ्या आतच वाढत राहतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकी ओल ठेवायची. आठवड्याला पलटी. वर गोणपाट टाका; प्लास्टिक घट्ट गुंडाळलं की ढीग गुदमरतो, आंबूस वास सुटतो. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात मात्र वर पत्रा लागतोच, नाहीतर पालाश आणि नत्र झिरपून जातं.

मुरलं का, हे वासावर ठरवू नका. १०० ग्रॅम फ्रास १ लिटर पाण्यात तासभर ढवळून फडक्यातून गाळा. एका ताटलीत त्या पाण्यानं भिजवलेल्या कागदावर शाळूचे २० दाणे, दुसरीत साध्या पाण्यावर २०. तिसऱ्या दिवशी मुळांची लांबी मोजा. पहिल्या ताटलीतली मुळं दुसरीच्या ८० टक्क्यांपेक्षा आखूड असली, टोकं तपकिरी पडली, तर आणखी दोन आठवडे थांबा. अळ्यांना हॉटेलचं उरलंसुरलं घातलं असेल तर चाचणी पुन्हापुन्हा फसते, कारण मीठ मुरवल्यानं जात नाही. तसलं खत कोरडवाहू शाळूला घालूच नये.

आता हिशेब. गुंठ्याला २५ किलो. ओल ३० टक्के धरली तर कोरडं साडेसतरा किलो. त्यात नत्र अडीच टक्के असेल तर गुंठ्याला सुमारे ४४० ग्रॅम. खाद्याप्रमाणे हा आकडा बराच बदलतो, तेव्हा आपल्या ढिगाची एकदा तपासणी करून घ्याच. शेजारच्या गुंठ्यात तेवढंच नत्र युरियातून द्यायचं, म्हणजे ९५० ग्रॅम. तिसरा गुंठा कोरा. कोऱ्या पट्ट्याशिवाय फरक खताचा की रानाचा, हे कधीच कळत नाही.

पेरणीआधी आठ-दहा दिवस फ्रास विस्कटून लगेच कुळवाची पाळी द्या. आपली काळी जमीन चुनखडीची; वर उघडं राहिलं की अमोनिया उडून जातो. कुरीच्या चाड्यातून बियाण्याबरोबर सोडायचा मोह होतो, पण दाण्याला खत चिकटलं की उगवण विरळ होते. खानापूरच्या भाताला द्यायचं तर चिखलणीच्या वेळीच गाडायचं.

नत्राचा मोठा भाग सेंद्रिय रूपात असतो, सावकाश सुटतो. त्यामुळे महिन्याभरात हा पट्टा युरियाच्या पट्ट्यापेक्षा फिका दिसला तरी घाबरून वरखत टाकू नका, तुलना तिथंच बिघडते. अळ्यांच्या कातीतल्या चिटिन या घटकामुळे रोग कमी पडतो असं बोललं जातं. एका हंगामावरून आम्ही ते लिहिणार नाही.

पुढच्या नोंदीत तिसाव्या दिवशीची रोपांची मोजणी. काढणीला कणसं आणि कडबा वेगवेगळा तोलायचा आहे, ताणकाटा आधीच बघून ठेवा.