बारा ते तीन

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला की सोमवारी आई तिचं पांढरं पातळ खळीत बुडवायची. गच्चीत ते ताणून वाळत पडलं की सगळ्या चाळीला कळायचं, ह्यांचा सप्ताह लागला. शेजारणी सप्ताह म्हटलं की हरिनाम सप्ताह धरायच्या, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. पेटी आमच्याकडेही होती, तबला होता, टाळ होते, रोज संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत सतरंजी अंथरली जायची, शेवटी चहा आणि खारी. पण आमचा सप्ताह एका मरणाकडे सरकायचा. छापील पत्रिकेवर नाव असायचं 'दुःखसहन सप्ताह'. सोमवार ते बुधवार घरसभा, गुरुवारी प्रभुभोजन, शुक्रवारी बारा ते तीन उपासना, रविवारी पहाटे पुनरुत्थानाची फेरी.

आमची मंडळी, म्हणजे आमचं मराठी ख्रिस्ती चर्च, भायखळ्याची. मूळ मात्र बहुतेकांचं नगरकडचं, राहुरी, शेवगाव, वडाळा. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला गेले. आमची माणसं पुढे त्याच वाटेने उलटी आली, पोटासाठी. पुरुष गिरणीत नाहीतर रेल्वेच्या वर्कशॉपात, बायका नर्स नाहीतर शिक्षिका. घरं बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळीत. एकमेकांना भेटल्यावर 'सलाम' म्हणायचे. शाळेतल्या मैत्रिणींना ते ऐकून आम्ही मुसलमान वाटायचो. त्याच मैत्रिणी शुक्रवारच्या आदल्या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणायच्या, आणि मी 'थँक्यू' म्हणून मोकळी व्हायचे. घरात त्याला उत्तम शुक्रवार म्हणत. ज्या दिवशी आपला देव मारला गेला तो दिवस उत्तम कसा, हे आठ-दहा वर्षांच्या पोरीला वर्गात उभं राहून सांगता येत नाही. आजही दोन वाक्यांत सांगता येईल असं मला वाटत नाही.

मंगळवारची घरसभा दरवर्षी आमच्या खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसं, उरलेली व्हरांड्यात. पदं कवी ना. वा. टिळकांची. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईतच झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि आमच्या बैठकीच्या चाली ऐकल्या की तो पूल अजून उभा आहे हे कुणालाही कळलं असतं. म्हणूनच की काय, पलीकडच्या खोलीतले माळकरी काका ह्या बैठकीला न चुकता यायचे. उंबऱ्याशी टेकून बसायचे आणि टाळ हातात घ्यायचे. वाचन सुरू झालं की टाळ खाली.

वाचन आज्याचं. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, धोतर आणि मुंडासं शेवटपर्यंत न सोडलेला माझा आजा. त्याला भाषण करता येत नसे. तो दरवर्षी एकच वचन वाचायचा, इब्री लोकांस पत्रातल्या तेराव्या अध्यायातलं बारावं. येशूने आपल्या रक्ताने लोकांना पवित्र करावं म्हणून वेशीबाहेर दुःख सोसलं, असा त्याचा अर्थ. वाचून झालं की चष्मा काढायचा आणि म्हणायचा, "वेशीबाहेर. म्हंजी आपल्याकडं." आणि बसायचा.

दहाव्या वर्षी मला वाटायचं, आजा पत्ता सांगतोय. गुलगुथा, येशूला क्रुसावर दिलं ती जागा, कुठे होती, तर गावाबाहेर. पुढे कॉलेजात इंग्रजी बायबल हाती आलं तेव्हा त्या जागी साधं 'गेट' दिसलं. आता मुंबईत गेट म्हणजे वॉचमन बसतो ते. मराठी भाषांतर करणाऱ्याने तिथे 'वेस' घातली आणि आज्याचं सगळं आयुष्य त्या वचनात आलं. यरुशलेमेच्या बाहेर, जिथे गुन्हेगारांना टांगत तिथे, शिवाशिवीच्या पलीकडे. मोठ्या मंदिरात नाही, राजवाड्यात नाही. वेशीच्या कुठल्या बाजूने पाणी मागायचं आणि कुठल्या बाजूने मेलेलं ढोर ओढायचं हे आज्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. देव त्या बाजूला येऊन मेला, एवढं त्याला पुरत होतं. पाप, प्रायश्चित्त, तारण हे शब्द तो मान हलवून ऐकायचा, पण ते आमच्या धर्मगुरूंचे, पाळकसाहेबांचे. 'वेशीबाहेर' त्याचा स्वतःचा.

एका वर्षी चहाच्या वेळी माळकरी काका म्हणाले, "आमचा चोखोबाबी तिथंच गेला की. मंगळवेढ्याला भिंतीचं काम करताना. वरनं ढासळली."

"ठावं हाय," आजा म्हणाला.

"नामदेवरायांनी हाडं वळखली. कानाला लावली तर हाडातनं विठ्ठल विठ्ठल."

आज्याने बशीतला चहा संपवला. "पर विठोबा भिंतीखाली न्हाई गेला."

काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "गेला नसंल कशावरनं?"

दोघंही हसले. वाद पुढच्या वर्षापर्यंत राहिला, आणि तसा तो आजा वारेपर्यंत राहिला. दोघांना काय म्हणायचं होतं ते मला कळायला खूप वर्षं लागली. आज्याचं म्हणणं, भक्तासाठी राबणारा देव मोठाच, पण माझा देव माझ्यासारखा मेला. काकांचं म्हणणं, भक्त मेला तिथे देव नव्हता असं तू कसं म्हणतोस. कोणी जिंकलं नाही. खारी संपली.

गुरुवारी रात्री आम्ही पोरं ग्लोरिया चर्चकडे पळायचो. ते कॅथलिक, तिथे बघायला पुष्कळ. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं भिंतीवर ओळीने. त्या रात्री मिस्सेतल्या, म्हणजे त्यांच्या उपासनेतल्या, एका गीतानंतर घंटा थेट ईस्टरपर्यंत मुकी, तिच्या जागी लाकडी खटखटं. त्याचा कोरडा आवाज अजून कानात आहे. आमच्या देवळात पाहायला काहीच नाही. पुढे एक लाकडी वधस्तंभ, तोही रिकामा, फुलं काढून टाकलेली, व्यासपीठावर काळं कापड. मला कॅथलिकांचा हेवा वाटायचा. त्यांच्या डोळ्यांना काम होतं, आमची भिस्त सगळी कानांवर.

आणि शुक्रवारी तर तीन तास ऐकायचं. सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे आपल्या बारापासून तीनपर्यंत, देशभर अंधार पडला असं शुभवर्तमानात आहे, म्हणून बारा ते तीन. एप्रिलमधली मुंबई, उपास, पंखे वरती कुरकुरताहेत, आणि येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांनी वाटून घेतलेले. प्रत्येकी पंधरा मिनिटं, मध्ये पद आणि प्रार्थना. टेबलावर एक पितळी घंटी. पंधरा मिनिटं झाली की चिटणीस ती वाजवत. तिला मान देणारे थोडे.

पहिला उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर", तरुण संघाकडे. दुसरा, उजवीकडच्या चोराला दिलेला सुखलोकाचा शब्द, बहुधा दारू सोडलेल्या एका गृहस्थाकडे; ते दरवर्षी तेच सांगत आणि दरवर्षी रडत. तिसरा, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा", महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे. त्यात येशूची आई मरिया आणि शिष्य योहान पाच मिनिटांत आटपून सुनांचा विषय निघे आणि घंटी तीनतीनदा वाजे. चौथा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", कुणीच घेत नसे. तो पाळकसाहेबांच्या माथी. ते बाविसावं स्तोत्र उघडत, ह्या आक्रोशाची पहिली ओळ तिथली आहे हे दाखवत, पुरतं वाचत आणि विशेष काही न बोलता खाली बसत. इतक्या वर्षांनी वाटतं, ह्यापेक्षा शहाणं भाषण त्या व्यासपीठावर झालं नाही.

पाचवा सगळ्यांत लहान. "मला तहान लागली आहे." त्यावर काय बोलणार? लोक आध्यात्मिक तहानेवर घसरत. मराठी बायबलात येशूला स्पंज बुडवून देतात ती 'आंब'. मी बरीच वर्षं ते आंबील समजत होते आणि मला ते शिपाई त्यातल्या त्यात बरे वाटत. ती आंबट दारू, हे नंतर कळलं.

एका वर्षी पाचवा आमच्या सिस्टरमावशींना दिला. सरकारी इस्पितळात आयुष्य काढलेल्या. रात्रपाळी करून थेट आलेल्या, पांढरं पातळ बहुतेक तिथेच बदललेलं. त्यांनी पर्समधून कापसाचा एक बोळा काढला आणि टेबलावरच्या पेल्यात बुडवला. म्हणाल्या, "शेवटी शेवटी माणसाला गिळता येत नाही. पाणी पाजलं तर ठसका लागतो. मग आम्ही हे करतो." आणि बोळा अंगठा आणि दोन बोटांत धरून जरासा दाबला, एक थेंब पाडला, आणि हवेतच, जणू समोर कुणी निजलंय असा, ओठांच्या कडेकडेने फिरवला. आधी खालचा ओठ, मग वरचा, मग कोपरे. "काल रात्री दोनदा केलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा बाई गेलेली होती. येशूला सगळं ठाऊक होतं, पण तोंड कोरडं पडलंच ना? ओठ फुटलेच ना? देवाला तहान लागली, एवढंच मला सांगायचंय."

तीन मिनिटं झाली असतील. चिटणिसांनी घंटीवर हात ठेवला होता तो तसाच राहिला. पंखा ऐकू येत होता. पाळकसाहेबांनी पद सांगायला वेळ लावला.

सहावा मात्र मला पटत नसे. "पूर्ण झाले आहे." त्यावर जो तो हिशेब मांडायचा. आपण पापी, पापाची शिक्षा मरण, आपलं देणं त्याने भरलं. मी सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी. एकदा पाळकसाहेबांना विचारलंही, की मुलाचा जीव घेतल्याशिवाय ज्याचा राग शांत होत नाही तो बाप कसला? ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू बाप आणि मुलगा अशा दोन पार्ट्या धरतेस, म्हणून कोर्टासारखं दिसतं. प्रेषित पौल काय म्हणतो बघ, देव ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. भरणारा आणि माफ करणारा एकच." मी हो म्हटलं. मनातून हिशेब गेला नाही.

मग 1983 आलं. उत्तम शुक्रवार त्या वर्षी 1 एप्रिलला होता. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि आमच्या मंडळीतली निम्मी घरं त्यात. त्या वर्षीच्या सप्ताहात चहाबरोबरची खारी गेली होती. सहावा उद्गार गिरणीच्या साचेखात्यातल्या, म्हणजे विणकामातल्या, एका काकांना होता. भाषण लिहून आणलेलं, पण कागद खिशातच. म्हणाले, "चौदा महिने झाले. भांडी सावकाराकडे आहेत. बायकोचं मंगळसूत्र आहे. सावकार दाराशी आला की पोरगं खाली जाऊन सांगतं, बाबा घरात नाहीत. मी घरात असतो." थांबले. "मी ह्या माणसाच्या तोंडचा शब्द वाचतो तेव्हा मला एकच ऐकू येतं. फिटलं. कुणीतरी येऊन म्हणावं, तुझं फिटलं, जा. गिरणीचं फिटेल न फिटेल. पण एका ठिकाणी तरी माझं काही बाकी नाही."

मी दुसऱ्या ओळीत बसले होते. हिशेबाची भाषा मला रुक्ष वाटायची, कारण माझ्या दाराशी कुणी वसुलीला आलं नव्हतं.

त्यांच्यामागून आमच्या मराठीच्या गुरुजींना राहवलं नाही. सातवा उद्गार त्यांचा, "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो", पण ते आधी सहाव्याला आले. 'झाले' नव्हे, 'झाले आहे', म्हणाले; हा पूर्ण वर्तमानकाळ. मूळ ग्रीकमध्येही एकच शब्द आहे, तेतेलेस्ताय, आणि तोही तसाच. काम तेव्हा संपलं, पण संपलेपण आजचं आहे. "साचेवाल्या काकांनी व्याकरण बरोबर केलं," असं म्हणून त्यांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. असा शेरा त्यांच्याकडून मला शाळेत कधीही मिळाला नव्हता.

तीन वाजता सगळे बाहेर. अंगणात पिंपभर कैरीचं पन्हं. माळकरी काका त्या दिवशी आले होते, तेही उपास धरून. आज्याला त्यांनीच पेला नेऊन दिला.

आता मंडळी पांगलीय. कुणी कल्याणला, कुणी विरारला, कुणी बदलापूरला. चाळीच्या जागी टॉवर उठताहेत. शुक्रवारी मात्र लोक लोकल पकडून येतात, पांढऱ्या साड्या सांभाळत, आणि पन्हं आता केटररकडून येतं, फार गोड. आज्याचं वचन घरसभेत कुणी वाचत नाही, कारण घरसभा झूमवर होते आणि त्यात एकाच वेळी चार जण म्यूट काढून बोलतात.

परवा चिटणिसांचा फोन आला. नवे आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे.

"काकू, सलाम. यंदा तुम्हाला पाचवा दिलाय."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. घंटी वाजवणार हं."

मी हो म्हटलं आणि कापूस कुठे ठेवलाय ते बघायला उठले.