वटणावळ आणि कनवटी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सहकारी बँकेत मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीचशी रोखपालाच्या पिंजऱ्यात काढली, त्यामुळे पैशाच्या बाबतीत आपल्याला सहजासहजी कोणी फसवू शकणार नाही, असा माझा समज होता. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात पत्नीसह पॅरिस आणि रोम पाहायला गेलो, तेव्हा तो समज रोममधल्या एका एटीएमसमोर अर्ध्या मिनिटात गळून पडला. तिथे कोणी चोर नव्हता, मागे कोणी रेटत नव्हते. बटण मीच दाबले होते.

मला २०० युरो काढायचे होते. पिन टाकल्यावर पडद्यावर दोन पर्याय आले: रक्कम रुपयांत रूपांतरित करून घ्यायची, की युरोतच ठेवायची. रुपयांचा पर्याय मोठ्या हिरव्या चौकटीत होता आणि दुसरा बारीक अक्षरांत एका कोपऱ्यात होता. परमुलखात आपल्या चलनातला आकडा दिसला की माणसाला बरे वाटते. मीही हिरवी चौकट दाबून मोकळा झालो. रात्री हॉटेलवर हिशोब मांडला, तेव्हा त्या यंत्राने बाजारभावापेक्षा जवळजवळ बारा टक्के चढा दर लावला असल्याचे लक्षात आले.

हिशोब सोपा जावा म्हणून एका युरोचे १०० रुपये धरू. २०० युरोंचे २०,००० रुपये झाले. यंत्राला रूपांतर करू दिले, तर बारा टक्क्यांप्रमाणे खात्यातून २२,४०० रुपये जातात. तेच युरोत काढले असते, तर रूपांतर आपल्या बँकेने केले असते. आपल्याकडे अनेक कार्डांवर अशा व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्या साडेतीन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के, खात्यातून २०,८२६ रुपये गेले असते. एका बटणाची किंमत १,५७४ रुपये झाली. शिवाय परदेशातला व्यवहार रुपयांत झाला तरी त्यावर वेगळे शुल्क लावणाऱ्या बँका आहेत, म्हणजे दुहेरी फटका बसण्याचीही सोय आहेच. परगावचा चेक वटवताना आम्ही जे कमिशन कापून घ्यायचो, त्याला जुने लोक वटणावळ म्हणत. आयुष्यभर दुसऱ्याकडून घेतलेली वटणावळ रोममध्ये एका रात्रीत परत केली, असे पत्नीने हसत सांगितले आणि मला ते फारसे आवडले नाही.

हाच प्रश्न दुकानातल्या आणि उपाहारगृहातल्या कार्डयंत्रावरही येतो आणि तिथे अडचण अशी, की पुष्कळदा वेटर तुमच्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. म्हणून कार्ड टेकवण्यापूर्वीच ‘युरो’ असे स्पष्ट म्हणावे आणि पावतीवर रुपये छापलेले दिसले, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावावा. दुकान सोडल्यावर ही तक्रार कोणी ऐकून घेत नाही. एटीएमही शक्यतो प्रत्यक्ष बँकेच्या भिंतीतले वापरावे. पर्यटकांच्या गर्दीत, आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी एकटे उभे असलेले यंत्र बहुधा पर्यटकांसाठीच तिथे ठेवलेले असते.

पैशांची व्यवस्था निघण्यापूर्वी कशी लावावी, याबद्दल लोक मला अजूनही जुन्या सवयीने विचारतात, म्हणून नियम थोडक्यात सांगतो. बहुतेक देशांत जाताना एका प्रवासासाठी नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याचे परकीय चलन बरोबर नेता येते. त्यापुढची रक्कम कार्डावर भरून न्यावी लागते. रोख रुपये देऊन परकीय चलन घेण्यालाही ५०,००० रुपयांची मर्यादा आहे, त्यापुढे खात्यातून पैसे द्यावे लागतात. पावती जपून ठेवावी. ३,००० ची मुभा आहे म्हणून तेवढे नेलेच पाहिजे, असे मात्र नाही. आम्ही दोघांनी बारा दिवसांसाठी ४०० युरो रोख नेले होते आणि रोममध्ये काढलेल्या २०० युरोंसह ते पुरून उरले, कारण पॅरिसमध्ये साधा पावसुद्धा कार्डावर मिळतो.

उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून नेण्याच्या कार्डावर ठेवावी, कारण त्यावर ज्या दिवशी पैसे भरले, त्या दिवशीचा दर कायम राहतो आणि नंतर युरो महागला तरी रात्रीची झोप जात नाही. मात्र युरो भरलेले कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक देण्यासाठी वापरले, की पुन्हा रूपांतराचे शुल्क लागते. हॉटेलात अनामत म्हणून कार्ड मागतात, तिथे क्रेडिट कार्डच द्यावे. फॉरेक्स कार्ड दिले, तर अनामतीची रक्कम काही दिवस अडकून पडते आणि खर्चाला हातात पैसे उरत नाहीत. सहल कंपनीकडून पॅकेज घेणाऱ्यांच्या बिलात टीसीएस नावाची रक्कम दिसते. ती बुडीत नसून आगाऊ भरलेला आयकर असते; आयकर विवरणपत्रात ती वजा करून घेता येते. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही आणि जे विवरणपत्र भरत नाहीत, असे माझ्या ओळखीतले अनेक निवृत्त लोक ती सोडून देतात. त्यांनी त्या वर्षी विवरणपत्र अवश्य भरावे आणि पैसे परत घ्यावेत.

यूपीआयचे कौतुक सगळ्यांना आहे, मलाही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय चालते. पण त्या भरवशावर फ्रान्सला जाऊ नये, कारण टॉवरखालच्या पाणीविक्याकडे ते चालत नाही.

आता कनवटीविषयी. माझी आजी आठवडी बाजाराला जाताना पैसे रुमालाच्या गाठीत बांधून कनवटीला खोचत असे आणि वरखर्चाची चिल्लर तेवढी हातातल्या पिशवीत ठेवत असे. युरोपात पाकीटमारीपासून वाचण्याची याहून चांगली पद्धत मला कोणी सांगितलेली नाही. पासपोर्ट, मोठ्या नोटा आणि एक कार्ड कपड्याच्या आत, अंगाला लागून असलेल्या पट्ट्यात. दुसरे कार्ड आणि थोडी रोख हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत. आणि खिशातल्या पाकिटात फक्त त्या दिवसाच्या खर्चाचे पैसे आणि रोजच्या वापराचे कार्ड. कपड्यातला पट्टा चारचौघांत उघडायचा नाही, हे त्यातले खरे पथ्य आहे. तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून सदरा वर करून पैसे काढणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांनी आपली कनवटी सगळ्या फलाटाला दाखवली होती.

आमच्या पाकिटावर डल्ला पडला तो पॅरिसच्या मेट्रोत. डब्याचे दार बंद होण्याच्या बेतात असताना दोन नीटनेटक्या पोशाखातल्या मुली नकाशा हातात धरून मध्येच घुटमळल्या, मागच्या लोकांनी मला पुढे ढकलले आणि त्या दोघी शेवटच्या क्षणी पुन्हा फलाटावर उतरल्या. जाकिटाचा खिसा रिकामा झाल्याचे कळले, तेव्हा गाडी बोगद्यात होती. पंचेचाळीस युरो आणि एक कार्ड गेले. पुढचे स्टेशन येईपर्यंत मोबाइलवरून ते कार्ड बंद केले आणि दुपारी ठरल्याप्रमाणे लूव्र संग्रहालय पाहिले. पासपोर्ट त्याच पाकिटात असता, तर दुपार पोलीस ठाण्यात आणि पुढचे दोन दिवस दूतावासात गेले असते.

दाराजवळ उभे राहू नये, हे तेव्हापासून आम्ही पाळले. रोममध्ये तेर्मिनी स्थानकाचा परिसर आणि तिथून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी ६४ क्रमांकाची बस यांची ख्याती याबाबत जुनी आहे, आणि २०२५ हे दर पंचवीस वर्षांनी येणारे कॅथलिकांचे ज्युबिली वर्ष असल्यामुळे यात्रेकरूंची गर्दी पंढरीच्या वाळवंटाची आठवण करून देणारी होती. पॅरिसमध्ये माँमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांखाली मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे, सीन नदीच्या काठी तुमच्या पायाशी ‘सापडलेली’ पितळी अंगठी दाखवणारे आणि सहीसाठी कागद पुढे करणारे, या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडते: हात खिशात ठेवून, न थांबता, न बोलता चालत राहणे. आपल्याकडे हे उद्धटपणाचे वाटते आणि पत्नीला ते शेवटपर्यंत जमले नाही. एक दोरा तिच्या मनगटावर घरापर्यंत आला.

पैशांपेक्षाही मला आता मोबाइलची काळजी अधिक वाटते, कारण बँक, ओटीपी, तिकिटे, नकाशा आणि घरच्यांचे नंबर असे सगळेच त्या एका वस्तूत जाऊन बसले आहे. माझ्या मुलीने निघण्यापूर्वी बजावले होते, ‘बाबा, तुमचे भारतातले सिम जुन्या साध्या फोनमध्ये घाला आणि तो फोन हॉटेलवर ठेवा.’ मला ते खुळचट वाटले होते, पण केले. रोमिंग चालू असलेल्या त्या फोनवर ओटीपी येत राहिले आणि बाहेर नेलेला फोन चोरीला गेला असता, तरी कार्ड बंद करण्याची वाट उरली असती. आणखी एक गोष्ट अनेकांना ऐन वेळी कळते: कार्डाच्या मागे छापलेला १८०० ने सुरू होणारा नि:शुल्क क्रमांक परदेशातून सहसा लागत नाही. बँकेचा +९१ ने सुरू होणारा क्रमांक शोधून कागदावर लिहून न्यावा आणि तो कागद पाकिटात ठेवू नये.

परदेशातला वापर चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने प्रत्येक कार्डाला आहे. ती निघण्यापूर्वी घरी करून पाहावी, विमानतळावर नव्हे. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा ओटीपीशिवायच पैसे कापले जातात, म्हणून ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा मी शून्यावर ठेवली होती आणि गरज पडेल तेव्हा तेवढ्यापुरती उघडली.

पासपोर्ट हरवलाच, तर आधी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावास गाठावा. भारतात परतण्यापुरते एकेरी आपत्कालीन प्रमाणपत्र तिथून मिळू शकते. त्यावर पुढचा प्रवास करता येत नाही. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत दोघांनी एकमेकांच्या सामानात ठेवावी. संपूर्ण युरोपीय संघात संकटकाळी ११२ हा एकच क्रमांक चालतो.

विम्याबाबत एवढेच, की शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि लोक तेवढी अट भागवणारी सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतात. आमच्या वयाच्या माणसांनी रक्तदाब आणि मधुमेह यांची नोंद अर्जात न लपवता करावी आणि आधीपासूनच्या आजारांबद्दलचे कलम वाचावे. तिथे एक रात्र रुग्णालयात राहण्याचा खर्च पाकीटमाराने नेलेल्या पैशांच्या कितीतरी पट होईल.

बारीकसारीक पैसा मात्र अगदी साध्या गोष्टींत वाचतो. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे वाहते नळ आहेत, त्यामुळे बाटली विकत घेण्याचे कारण नाही. पॅरिसच्या उपाहारगृहात जेवणासोबत नळाच्या पाण्याचा चंबू मागितला तर तो फुकट मिळतो. ‘पाणी’ एवढेच म्हटले तर मात्र विकतची बाटली येते. इटलीत कॉफी उभ्याने प्यावी, बसून प्यायल्यास दर वाढतो, आणि बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून जी माणशी आकारणी दिसते ती फसवणूक नसून तिथली रीत आहे, त्यावरून वाद घालू नये. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात उमटवून घ्यावे, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

शेवटच्या दिवशी नाण्यांचा प्रश्न येतो. परत आल्यावर नोटा बदलून मिळतात, २,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवताही येतात. पण युरोची नाणी आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. विमानतळावरच्या दुकानात आधी सगळी नाणी मोजून द्यावीत आणि उरलेली रक्कम कार्डावर भरावी, तेही अर्थात युरोतच. मी तसे केले, आणि त्या वेळी यंत्राने पुन्हा एकदा रुपये पुढे केले.