लातुरातला देवदार: तिसऱ्या पावसाळ्यातील नोंद

गेल्या आठवड्यात देवदाराची उंची मोजली, ती कुंडीतील मातीपासून शेंड्याच्या वाकापर्यंत ६८ सेंटीमीटर भरली. दोन वर्षांपूर्वी रोप आणले तेव्हा ती ४१ होती. पश्चिम हिमालयात साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर रुजणाऱ्या वृक्षाने बालाघाटच्या पठारावर, पारा ४२ अंशांपलीकडे जाणारे उन्हाळे सोसून एवढी वाढ दाखवली, याचे मला मोठे समाधान आहे.

हे माझे दुसरे रोप. पहिले मी अंगणातील काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा घेऊन, तळाशी शेणखत भरून लावले होते, म्हणजे आंब्यासाठी आपण करतो तेच केले होते. मृगात ते तजेलदार दिसले. पुढे श्रावणात झड लागली, भोवतालची चिकण माती फुगली, खड्ड्याचा हौद झाला आणि साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरली. सूचिपर्णी झाडांची मुळे मेल्यानंतरही सुया (सुईसारखी पाने) कित्येक आठवडे हिरव्या राहतात, त्यामुळे भाद्रपदात त्यांचा रंग उडू लागला तेव्हा करण्याजोगे काही उरलेच नव्हते. उपटून पाहिले, तर मुळांची साल चिमटीत सुटून येत होती. त्यातच झुकलेला शेंडा पाहून रोप सुकते आहे अशा समजुतीने मी पाणी वाढवले होते. देवदाराचा कोवळा शेंडा मुळात झुकलेलाच असतो आणि निबर होताना हळूहळू सरळ होतो, हे तेव्हा ठाऊक असते तर ते रोप कदाचित वाचले असते. शेंडा काठीला ताणून बांधू नये आणि छाटू तर मुळीच नये.

दुसरे रोप घेताना प्रथम ओळख पक्की केली, कारण आपल्याकडे बहुतेकांना हे झाड देवदारी खोक्यांपुरतेच माहीत असते आणि रोपवाटिकेत अरोकेरिया हे शोभेचे सूचिपर्णी झाडही याच नावाने हाती पडू शकतो. आखूड फुटव्यांवर झुपक्याने येणाऱ्या सुया ही देवदाराची खात्रीची खूण आहे.

या वेळी मातीची मोठी कुंडी घेतली. चाळलेला जाड मुरूम तीन भाग, कुजलेला पालापाचोळा दोन भाग आणि धुतलेली वाळू एक भाग असे मिश्रण केले, काळी माती चिमूटभरही घातली नाही. पाणी घातल्यावर ते काही क्षणांत तळाच्या छिद्रातून बाहेर आले पाहिजे, ही माझी कसोटी आहे. उन्हाळ्यात सुयांपेक्षा कुंडीची तापलेली भिंत अधिक घातक ठरते, असे माझे मत झाले आहे; म्हणून फेब्रुवारीअखेर कुंडी पूर्वेच्या भिंतीलगत हलवतो, भोवती ओले गोणपाट गुंडाळतो आणि दुपारच्या उन्हापासून पन्नास टक्क्यांच्या शेडनेटचा आडोसा देतो. पाणी पहाटे, तेही बोट दोन पेरे खोल घालून आत कोरडे लागले तरच.

बोअरच्या जड पाण्याने गेल्या वर्षी कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला आणि नव्या सुया पिवळ्या पडल्या, उसाला केवडा पडतो तशा. चुनखडीमुळे मुळांना लोह घेता येत नाही, हे त्याचे कारण. चिलेटेड फेरसच्या (झाडाला सहज घेता येणाऱ्या लोहाच्या) दोन सौम्य फवारण्यांनी रंग परतला, परंतु खरा उपाय पाणी बदलणे हाच होता. पत्र्यावरचे पावसाचे पाणी मी आता दोन टाक्यांत साठवतो आणि ते जपून फक्त यालाच देतो.

एप्रिलमध्ये आतल्या सुया धुरकट दिसल्या. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकली, तेव्हा कागदावर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) चालताना दिसले. आठवडाभर रोज सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सुया खालून धुतल्यावर ते आटोक्यात आले. त्याच सुमारास काही जुन्या सुया गळल्या, पण ती दरवर्षीची नैसर्गिक गळ असल्यामुळे औषध मारले नाही.

सध्या झड सुरू असल्याने कुंडी विटांवर उचलून ठेवली आहे. मुळे तळाच्या छिद्रातून डोकावू लागली आहेत, त्यामुळे थंडी सरताच, नवी फूट येण्यापूर्वी, मातीचा गड्डा न फोडता झाड एक माप मोठ्या कुंडीत हलवीन.