धामणगावहून पुन्हा त्याच छोट्या जहाजावर

मी क्रूझ जहाजावर स्वयंपाकी आहे. गाव अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वेपासून एसटीनं थोडं आत. आमच्याकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा 'एजंटले किती द्या लागते' हा. दुसऱ्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण हा अनुभव लिहायला घेतला तो वेगळ्याच कारणानं. ज्या जहाजावर जीव लागला त्याच जहाजावर परत जाता येतं, जपानच्या फेरीला जाता येतं, फक्त त्यासाठी गावात बसून बरीच खटपट करावी लागते.

कॉन्ट्रॅक्ट संपलं की आम्ही साइन ऑफ करून घरी येतो. पुढचं जहाज कोणतं, हे कंपनी ठरवते. मुंबईच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी वावरात होतो, कापसाची वेचणी चालली होती. मोठं जहाज, हजारोंनी प्रवासी, कॅरिबियन बेटं, आणि लगेच निघायचं. मी सांगितलं, मला माझं जुनंच जहाज पाहिजे, ते वसंतात जपानला जातं, तोवर मी थांबतो. थांबणं सोपं नसतं, कारण आमच्या स्वयंपाकाच्या खात्यात सुट्टीचा पगार मिळत नाही.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "काऊन रे, मोठं जहाज भेटून रायलं तं लहान्यासाठी काऊन थांबून रायला?" माझ्या आधी मायच बोलली, "तेथचे लोक वयखीचे हायेत त्याचे. जाऊ द्या त्याले जेथी जाते तेथी."

मायनं बरोबर ओळखलं होतं. मोठ्या जहाजाच्या किचनमध्ये, म्हणजे गॅलीत, एक माणूस महिनोन्‌महिने फक्त सॅलड कापत राहू शकतो. आमच्या जहाजावर प्रवासी दोनशेच्या आसपास. सकाळी अंडी करणाराच संध्याकाळी मासे साफ करतो, आणि कोणत्या टेबलवरच्या आजींना कांदा चालत नाही हे सगळ्या गॅलीला पाठ असतं. शिवाय छोटं जहाज शहराच्या आत जातं. व्हिएतनाममध्ये मोठी जहाजं समुद्राजवळच्या बंदरात थांबतात आणि तिथून सायगावला बसनं जावं लागतं. आमचं जहाज नदीतून थेट शहरात जाऊन लागतं. दुपारच्या दोन-तीन तासांच्या सुट्टीत गाव पाहून परत येता येतं, ते यामुळेच. बंदरात ठरावीक लोकांना जहाजावर थांबावंच लागतं, त्याला आम्ही आयपीएम म्हणतो. त्यात आपली पाळी नसली की झालं.

आता कागदांकडे वळतो. मी सगळ्यांच्या मुदती एका वहीच्या पानावर लिहून ठेवतो. सीडीसी, म्हणजे जहाजी माणसाची सरकारी पुस्तिका, दहा वर्षं चालते. मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षं. यलो फीव्हरची लस एकदा घेतली की जन्मभर चालते, 2016 पासून तसा नियम आहे. अमेरिकेचा सी वन डी व्हिसा, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचा व्हिसा, माझ्याकडे आधीचा होता. जपानच्या फेरीला तो कशाला, असं वाटेल, पण जपान झालं की आमचं जहाज पॅसिफिक ओलांडून अलास्काला जातं, म्हणून कंपनी तो आधीच मागते. राहिले दोन रिफ्रेशर: समुद्रात जीव वाचवण्याचा आणि आग विझवण्याचा. हे दर पाच वर्षांनी नव्यानं करावे लागतात, आणि माझी मुदत फेरीच्या मधोमध संपत होती. असं प्रमाणपत्र घेऊन कंपनी जहाजावर पाठवत नाही.

याच दिवसांत जिल्ह्याच्या गावातल्या एका माणसानं निरोप धाडला, की पैसे दिले तर जपानची फेरी 'पक्की' करून देतो. मी सरळ नाही म्हटलं, आणि इथं जरा थांबून लिहितो, कारण आमच्याकडच्या घरांनी यासाठी वावर गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा जहाजी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो 2015 मध्ये मान्य केला. नोकरी लावून देण्यासाठी जहाजी माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल यांचा खर्च आपला, व्हिसाचा खर्च मालकाचा. ज्या एजन्सीकडून जायचं तिच्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, आरपीएसएल (जहाजी माणसं भरती करण्याचा) परवाना पाहिजे, आणि परवानेवाल्या एजन्सींची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर कोणालाही पाहता येते. पैसे मागणाऱ्याचं नाव त्या यादीत शोधा, मग पुढचं बोला.

मुंबईला जायला आमच्याकडे विदर्भ एक्सप्रेस. संध्याकाळी धामणगावला बसलं की सकाळी सीएसएमटी. मेडिकल डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडेच करावं लागतं. रात्रभर गाडीत झोप झाली नव्हती, बीपी जास्त आलं. डॉक्टर भले होते. जेवून, दोन तास पडून परत या म्हणाले, आणि दुपारी बीपी ठीक निघालं. तेव्हापासून मी गावाकडच्या पोरांना सांगतो, गाडीतून उतरून थेट मेडिकलला जाऊ नका, एक रात्र कोणाकडे तरी काढा.

रिफ्रेशरमध्ये तरणतलावात उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा हवेनं फुगणारा तराफा, सरळ करायचा असतो. लाइफजॅकेट घालून त्या राफ्टवर चढायचं, ज्या कडेला गॅसचं सिलिंडर असतं तिथं पाय रोवायचे, तळाला शिवलेला पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि अंग मागं झोकून द्यायचं. राफ्ट हळूहळू उभा होतो आणि मग एकदम अंगावर येतो. त्या क्षणी घाबरायचं नाही, पाठीवर राहून राफ्टखालून सरकत बाहेर यायचं. मी वर्धा नदीत पोहायला शिकलेलो, तरी राफ्ट डोक्यावर आला की छातीत धस्स होतंच. माझ्यासोबत हिंगोलीकडचा एक पोरगा होता, त्याला पोहणं जेमतेम यायचं. इन्स्ट्रक्टरनं त्याच्याकडून परत परत करून घेतलं, आणि शेवटी त्यानं एकट्यानं राफ्ट सरळ केला तेव्हा काठावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतरचे आठवडे नुसते वाट पाहण्यात गेले. तूर निघाली. हरभरा काढायला आला. फोनला रेंज घराच्या गच्चीवरच चांगली येते, म्हणून दुपारी तिथंच बसायचो. अखेर मेल आला: सिंगापूरला जॉइन, जहाजाचं नाव तेच. मी खाली येऊन आधी मायला सांगितलं.

कॉन्ट्रॅक्ट, तिकीट, सिंगापूरसाठी कंपनीचं हमीपत्र, सगळ्याची छापील प्रत सोबत ठेवली. मुंबई विमानतळावर इमिग्रेशनवाल्यांनी सीडीसी आणि कॉन्ट्रॅक्ट नीट पाहिलं, एजन्सीचं नाव विचारलं, शिक्का मारला. मोबाइलवरचे फोटो दाखवणाऱ्या एकाला मात्र बाजूला उभं केलं होतं.

गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवर, सिक्युरिटीच्या माणसानं मला नावानं हाक मारली. शेफनं हातात ॲप्रन दिला आणि म्हणाला, तुझी जागा रिकामी ठेवली आहे. नव्या माणसासारखंच सगळं परत झालं: सेफ्टी कार्ड, मस्टर स्टेशनचा (संकटात जमायच्या जागेचा) नंबर, पहिल्याच दिवशी ड्रिल. ते तसंच व्हायला पाहिजे.

छोट्या जहाजाचा त्रासही सांगतो. हाँगकाँगहून तैवानच्या कीलुंगकडे जाताना ईशान्येचा वारा समोरून येतो आणि जहाज जोरात हलतं. शेगडीभोवती लोखंडी दांडे लावून भांडी अडकवावी लागतात, सूप अर्ध्याच पातेल्यात करायचं. नवीन पोरं त्या रात्री जेवत नाहीत. त्यांच्यासाठी मी क्रू मेसमध्ये नुसता भात आणि पातळ वरण लावतो, तेवढं पोटात राहतं.

पण ज्यासाठी थांबलो ते कानमोन. जपानची होन्शू आणि क्युशू ही दोन मोठी बेटं तिथं एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की मधल्या पाण्याची सगळ्यात अरुंद जागा जेमतेम सहा-सातशे मीटर आहे. बुसानहून हिरोशिमाकडे जाताना आम्ही तिथून गेलो. शेफनं नाश्त्यानंतर आम्हाला पाळीपाळीनं वर सोडलं. काठावर मोठा विजेचा फलक आहे. त्यावर आधी इंग्रजी ई किंवा डब्ल्यू उमटतं, म्हणजे प्रवाह पूर्वेकडे की पश्चिमेकडे. मग आकडा, वेग किती नॉट, म्हणजे तासाला किती सागरी मैल. मग बाण, वेग वाढतोय की उतरतोय. मागच्या फेरीत एका अधिकाऱ्यानं मला हे वाचायला शिकवलं होतं. या वेळी माझ्या शेजारी आमचा फिलिपिनो भांडीवाला उभा होता, पहिल्यांदाच आलेला, मी त्याला शिकवलं. वर 1973 सालचा पूल, त्यावरून ट्रक जाताहेत, आणि दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ की दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. पुढं कुरुशिमाच्या सामुद्रधुनीत तर प्रवाहाची दिशा बदलली की जहाजांनी कोणत्या वाटेनं जायचं तेही बदलतं. इतक्या पाण्यावर इतकी शिस्त मी दुसरीकडे पाहिली नाही.

हिरोशिमा सोडल्यावर मी क्रू ऑफिसात जाऊन पुढच्या वसंताचा अर्ज देऊन ठेवला. रिफ्रेशर आता पाच वर्षं पाहायला नको, मेडिकल मात्र त्याआधी परत करावं लागेल. गावातला चुलतभाऊ सध्या पासपोर्टच्या मागं लागला आहे. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि आधारवर दुसरी, म्हणून मी त्याला सांगितलं आहे, आधी तेवढं दुरुस्त कर, बाकीचं मी आल्यावर पाहू.