बॉयलरचा काटा आणि आईची वही

आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून इथे, इंग्लंडमधल्या रेडिंगला आली. तिच्यासाठी वरची मागची खोली लावून ठेवली होती. खिडकीच्या कट्ट्यावर देव मांडायला जागा केली होती. तिसऱ्या रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर ती शाल आणि रजई दोन्ही गुंडाळून पलंगावर बसलेली. "झोप येईना गं, पाय गार पडलेत." रेडिएटरला, म्हणजे आत गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, हात लावला. खाली कोमट, वर बर्फ. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून तिला बोलावलं आणि तिला साधी ऊब देता आली नाही.

सकाळी तर बॉयलरच बंद पडला. स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, प्रेशरचा काटा ०.४ वर.

इथे नवीन आलेल्यांसाठी आधी थोडं सांगते, कारण मलाही पहिली दोन वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्या कॉम्बी बॉयलरच्या (एकच गॅसचा बॉयलर नळाचं आणि रेडिएटरचं, दोन्ही पाणी तापवतो) घरात नळाला येणारं गरम पाणी वेगळं आणि रेडिएटरमधलं पाणी वेगळं. रेडिएटरचं पाणी बंदिस्त असतं. बॉयलर ते तापवतो, पंप ते घरभर फिरवतो, थंड होऊन ते परत येतं, पुन्हा तापतं. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. यंत्रणा गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. १ बार म्हणजे पाणी सुमारे १० मीटर उंच चढवण्याइतका दाब, दुमजली घराला तेवढा पुरतो. पाणी बंदिस्त आहे, त्यामुळे काटा उतरला तर पाणी किंवा हवा कुठून तरी बाहेर गेली आहे, हे नक्की.

अप्पांना फोन लावला. ते गावी, मळ्यात होते. वर गार, खाली कोमट, एवढं ऐकलं आणि म्हणाले, "पंपानं एअर धरलीया तुझ्या. हवा काढ आधी." आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन असंच हवा धरायचं. अप्पा स्क्रू सैल करून हातानं डिझेल पंप करत बसायचे. आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग सलग धार, की स्क्रू आवळला. मी लहानपणी शेजारी चिंध्या घेऊन उभी असायचे. रेडिएटरची हवा काढणं म्हणजे अगदी तेच काम.

हीटिंग बंद करून तासभर थांबले. पंप चालू असताना हवा काढायला गेलं तर उलट हवा आत ओढली जाऊ शकते, आणि पाणी तापलेलं असेल तर हात भाजतो. सुरुवात खालच्या मजल्यापासून केली. वरच्या खोलीत गेले तेव्हा आईने नुकतंच निरांजन लावलं होतं, रेडिएटरच्या बरोबर वर. तिला म्हटलं, थोडा वेळ शांत कर. लोखंड गंजताना आत हायड्रोजन साठू शकतो आणि तो पेट घेतो, म्हणून ज्योत जवळ नको.

रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी खिळा असतो, त्याला बसणारी पितळी चावी हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. खाली जुना टॉवेल धरला आणि चावी पाव फेरा फिरवली. सूंऽऽ आवाज सुरू झाला. पाऊण मिनिटभर तरी चालला असेल. खोलीत ओल्या लोखंडाचा वास पसरला. मग फुर्रफुर्र, मग तीन-चार थेंब, काजळीसारखे काळे. थेंब सलग आले तशी चावी आवळली. टॉवेलवरचा डाग दोनदा धुऊनही गेला नाही.

हवा गेली की काटा आणखी उतरतोच. बॉयलरच्या खाली जाळीदार नळी होती, तिला दोन तोट्या. या नळीने घरातलं पाणी त्या बंद यंत्रणेत भरता येतं. तोट्या हळूहळू उघडल्या, काटा १.३ वर आला तशा दोन्ही घट्ट बंद केल्या. दोन्ही किंचित जरी उघड्या राहिल्या तरी प्रेशर चढत राहतं. संध्याकाळपर्यंत मागची खोली वरपासून खालपर्यंत गरम. आई रेडिएटरला पाठ लावून जपमाळ ओढत बसली.

चार दिवसांनी काटा पुन्हा ०.६.

एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने तोटी उघडून पाणी भरलं, जुन्या घरात असं होतंच म्हणाला आणि दहा मिनिटांत पैसे घेऊन गेला. मग मीही तेच करू लागले. काटा उतरला की भर, उतरला की भर. आज मला ठामपणे सांगायचंय ते हेच: असं करत राहू नका. प्रत्येक वेळी ताजं पाणी आत जातं, त्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि तो आतलं पोलाद खातो. टॉवेलवरचा तो काळा डाग म्हणजे आतून झिजलेलं लोखंड. वर्षातून एखाद्या वेळी थोडं भरावं लागलं तर ठीक. दर चार दिवसांनी लागत असेल तर पाणी कुठे जातंय ते शोधायलाच हवं.

शोधलं आईने. तिला पहाटे पाचला जाग येते. चहा टाकायच्या आधी ती कपाट उघडायची आणि किराण्याच्या वहीत पेन्सिलने आकडा लिहायची. मी सांगितलं नव्हतं. रात्री झोपताना पुन्हा एकदा. आठवड्याने तिने वही माझ्यापुढे ठेवली. "सकाळी बघ, १.२. रात्री २.९. एवढं कसं चढतं गं?"

पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की सुमारे २ टक्के वाढतं, म्हणजे १०० लिटरमागे दोन लिटरहून थोडं जास्त. या वाढीव पाण्यासाठी बॉयलरमध्ये एक लोखंडी डबा असतो, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते. डब्यातली हवाच निघून गेली तर पाण्याला जागा उरत नाही, काटा सरळ ३ कडे धावतो. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो. रात्री थंड झालं की तेवढं पाणी कमी, काटा खाली.

आम्ही दोघी टॉर्च घेऊन परसात गेलो. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून एक तांब्याची नळी बाहेर येते, तोंड भिंतीकडे वळवलेली. तिच्याखालच्या विटांवर हिरवट ओघळ होता आणि नळीच्या टोकाला करंगळीएवढा बर्फ लोंबत होता. माझं चार-चार दिवसांचं पाणी इथून जात होतं.

बॉयलरचं झाकण उघडायचं काम आपलं नाही. गॅसच्या उपकरणाला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, असावाच लागतो. त्याचं ओळखपत्र मागायला संकोच करू नका, मागच्या बाजूला त्याला कुठकुठली कामं करता येतात ते छापलेलं असतं. दुसरा जो आला त्याने न मागता दाखवलं. त्याने वहीतले आकडे वाचले, मराठी अंक मी सांगत गेले, आणि सरळ डब्याकडे वळला. डब्याला गाडीच्या टायरसारखी वाल्व्ह असते. ती दाबली तर हवाच नाही. पाणीही आलं नाही, म्हणजे पडदा शाबूत होता. प्रेशर शून्यावर आणून त्याने पायपंपाने हवा भरली. सुरक्षा व्हॉल्व्ह वारंवार उघडून कचरा अडकल्याने नीट बसत नव्हता, तो बदलला. १४५ पौंड झाले. मनापासून दिले.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इंग्लंडमध्ये हीटिंग दुरुस्त करून देणं घरमालकाची जबाबदारी आहे आणि गॅसची तपासणी त्याने दर वर्षी करून घ्यायलाच हवी. मी स्वतः भाड्याने राहत असताना एक अख्खा जानेवारी स्वेटर घालून झोपले होते. तोंड उघडून मागितलं नाही, कारण हे माहीत नव्हतं.

वसंतात पाण्यात गंजरोधक द्रव घालून घ्यायचाय, लोहचुंबकाचा गाळणीवजा डबाही बसवायचाय. तोवर वही चालू आहे. आजच्या पानावर आईच्या अक्षरात: सकाळ १.३, रात्र १.८. त्याखाली, तूरडाळ संपली.