बिनतेलाची कणीक

आमच्या शाळेत ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर असायचा. आम्ही म्हणायचो गॅदरिंग, आणि मधल्या आळीतल्या आज्या म्हणायच्या ‘ग्यादरिंग’. दिवाळीची सुट्टी संपली की वाईत कृष्णेवरून बोचरी थंडी यायला लागायची, घाटाच्या पायऱ्या सकाळी धुक्यात बुडलेल्या असायच्या, आणि शाळेच्या शेवटच्या दोन तासांना वर्गात निम्मीच डोकी दिसायची. बाकीची तालमीला गेलेली. मागच्या वर्गखोल्यांतून लेझमीचा आवाज येत असताना कर्मणी प्रयोग शिकवणाऱ्या बाईंची मला आज फार कणव येते.

१९९० साली आम्ही पाचवीत आलो आणि १९९६ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडलो. म्हणजे सहा गॅदरिंग. पहिल्या तिघांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाचवीतल्यांना सगळ्यांत पुढे सतरंजीवर बसवत आणि बक्षीससमारंभ संपायच्या आत आम्ही एकमेकांच्या खांद्यावर झोपलेलो असायचो. सहावीत मी कोळीनृत्यात होते, मागच्या रांगेत. सातवीच्या वर्षी, डिसेंबर १९९२ मध्ये, सगळीकडचंच वातावरण बिघडलेलं होतं. आमचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि जानेवारीअखेर दिवसाउजेडी उरकला.

खरी आठवण सुरू होते ती आठवीपासून.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा होत्या, त्या चौथीपर्यंत नाहीतर सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर वाईलाच यावं लागे. त्यामुळे जून १९९३ मध्ये आमच्या वर्गात एकदम वीस-बावीस नवी मुलं आली. जोर, जांभळी, धोम धरणाच्या काठची गावं. सकाळी सहाच्या गाडीने निघायचं, संध्याकाळी मुक्कामाच्या गाडीने परत. कित्येकांचे वडील मुंबईला माथाडी कामगार होते; घरी आई, आजी, म्हशी आणि भाताची खाचरं. ही मुलं डाव्या बाजूच्या बाकांवर बसत, आम्ही गावातली उजव्या बाजूला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती वडाच्या पारावर डबे सोडत आणि आम्ही घरी जेवायला पळत असू. सहा महिने एका वर्गात असूनही आम्ही दोन वर्ग होतो.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. कोयनेमुळे सातारा जिल्ह्याला जमिनीचं हलणं ओळखीचं आहे. १९६७ च्या डिसेंबरातली गोष्ट आमच्या घरी अजून सांगितली जायची. किल्लारीचे फोटो वर्तमानपत्रात आले तेव्हा आजी कितीतरी वेळ तो अंक हातात धरून बसली होती. शाळेने ठरवलं की यंदा सहभोजन नाही. एरवी गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मसालेभात, बटाट्याची भाजी आणि बुंदी असायची, घाटावरच्या उत्सवाची मोठाली पातेली त्यासाठी शाळेत यायची. ते पैसे भूकंपग्रस्तांना पाठवायचे आणि प्रत्येकाने घरून डबा आणायचा.

त्या दुपारी पहिल्यांदा सगळे डबे एका ओळीत उघडले. आमच्या पोळ्या, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्यांच्या नाचणीच्या भाकरी, तव्यावर रगडलेला ठेचा, आणि एकीने आणलेली, फडक्यात बांधलेली घट्ट दह्याची वाटी. नाचणीची भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती. तिचा तो काळपट तांबूस रंग, तोडताना येणारा धुरकट वास, आणि तो ठेचा खाऊन डोळ्यांतून घळाघळा पाणी. जांभळीकडची एक मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “दही खा गं आधी, दही खा.” तिचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्याच वर्षीचे पाहुणेही माझ्या लक्षात आहेत. वाईला पाहुणे शोधायला लांब जावं लागत नसे. मराठी विश्वकोशाचं कार्यालय गावातच होतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा हयात होते आणि ते रस्त्याने दिसले की थोरली माणसं थांबून नमस्कार करत. पुढच्याच मे महिन्यात ते गेले. आमच्याकडे आले होते ते विश्वकोशात काम करणारे एक गृहस्थ. नोंद कशी लिहितात, एकेका ओळीसाठी किती पुस्तकं चाळावी लागतात, असं ते अगदी मोठ्या माणसांशी बोलावं तसं आमच्याशी बोलले. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मागून एक मुलगा उठला. “आमच्या गावाची नोंद हाय का त्यात?” सगळे हसले. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढली, गावाचं नाव विचारलं, दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. तो मुलगा खाली बसला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या.

नववीतलं गॅदरिंग आमचं. शाळेचा रिवाजच तसा होता. दहावीला अभ्यासामुळे भाग घेता येत नसे, म्हणून रंगमंच नववीच्या हातात. मराठीच्या बाईंनी भारूड बसवायचं ठरवलं. पखवाज कोण वाजवणार, हा प्रश्न आला तेव्हा डाव्या बाजूच्या बाकांवरून चार बोटं एकाच मुलाकडे वळली. तोच, गावाच्या नोंदीबद्दल विचारणारा. त्याच्या गावात भजनी मंडळ होतं आणि तो आठव्या वर्षापासून आजोबांशेजारी बसून वाजवत आला होता. वर्गात एका वाक्याला तीनदा अडखळणारा हा मुलगा, पण बाकावर बोटं पडली की सगळ्या वर्गाने माना वर कराव्यात.

तालमींची अडचण गाडीची. शाळा सुटल्यावर तालीम ठेवली तर या मुलांची मुक्कामाची गाडी चुकणार. शेवटी बाईंनी तालीम मधल्या सुट्टीत घेतली, आणि त्यासाठी महिनाभर आम्हीही डबे आणले. मला वाटतं आमचा वर्ग खऱ्या अर्थाने एक झाला तो या महिन्यात. वडाच्या पारावर एका हातात भाकरी आणि तोंडाने भारुडाचं पालुपद. आमच्यापैकी कित्येकांना ‘ळ’ खणखणीत म्हणायला त्या मुलांनी शिकवलं.

गॅदरिंगच्या दिवशी त्यांनी दुपारी गावाला जाऊन चारच्या गाडीने परत यायचं होतं. पखवाज आणि टाळ भजनी मंडळाचे. गावात सप्ताह चालू असल्यामुळे काल्याच्या दिवसापर्यंत मिळणार नव्हते, आणि काला नेमका त्याच सकाळी झाला. पाच वाजले, सहा वाजले, मुलं येईनात. मेणवलीच्या अलीकडे उसाची ट्रॉली कलंडल्याची बातमी कुणीतरी आणली. डिसेंबरात भुईंजच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते, एक आडवी झाली की सगळा रस्ता ठप्प. पटांगण भरलं होतं, मांडवातल्या ट्यूबलाइटभोवती किडे जमले होते, आणि आमची भारुडातली पात्रं चेहऱ्याला सफेदा फासून विंगेत उभी. बाईंनी मुख्याध्यापकांना विनंती करून बक्षिसं आधी घेतली.

साडेसातच्या सुमारास मागच्या फाटकातून ती सात जणं आली. गाडीतून उतरून चालत आली होती. प्रत्येकाच्या हातात उसाचं कांडं, आणि पखवाज आळीपाळीने खांद्यावरून आणलेला, शालीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा. पाणी प्यायच्या आधी त्याने शाल सोडली आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर तळहात फिरवला. मग वर बघून म्हणाला, “कणीक पायजे.”

पखवाजाच्या उजव्या बाजूला शाई कायमची असते, पण डाव्या पुडीला दर वेळी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमतच नाही. हे मला त्या क्षणी कळलं. आमचं घर शाळेच्या सगळ्यांत जवळ. मी परकर-पोलक्यात, कपाळावर मळवट, तशीच धावत घरी गेले. आई रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळतच होती. मी परातीतून मोठा गोळा उचलला आणि पळत परत. त्याने तो हातात घेतला, अंगठ्याने दाबला, नाकाजवळ नेला आणि मान हलवली.

“तेल घातलंय आईनं. तेलाची न्हाय चिकटत. नुसती पाण्याची आण, बिनतेलाची.”

पुन्हा धावत घरी. या वेळी आईच माझ्यामागून वाटीत पीठ आणि तांब्यात पाणी घेऊन शाळेत आली. विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी उकिडवी बसून तिने पीठ भिजवलं. त्याने वाटीएवढा गोल थापला, कडा बोटाने सारख्या केल्या, एक थाप मारली, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप मारली. तिसऱ्या थापेला असा आवाज आला की माझ्या पायाखालची फळी घुमली. आई पिठाने माखलेले हात तसेच धरून उभी होती. भारूड तिने विंगेतूनच पाहिलं, शेवटपर्यंत.

ते भारूड कसं झालं, हे मला धड सांगता येणार नाही, कारण मी त्यात होते आणि मला फक्त पखवाज ऐकू येत होता. प्रेक्षकांनी दोनदा पालुपद आमच्याबरोबर म्हटलं, एवढं आठवतं.

संपायला साडेदहा झाले. मुक्कामाची गाडी केव्हाच गेलेली. ती मुलं वर्गात सतरंजीवर झोपायला निघाली होती, पण आईने ऐकलं नाही. सात मुलं आणि जांभळीकडच्या दोघी, सगळी आमच्या घरी. आजीने त्या अवेळी बंब पेटवला. परसात दगडावर ओळीने बसवून आईने प्रत्येकाच्या चेहऱ्याला खोबरेल चोळलं, सफेदा आणि कुंकू एकत्र होऊन गुलाबी चिखल झाला, काजळाच्या मिश्या गालभर पसरल्या, मग कढत पाण्याने तोंडं धुतली आणि एकेक खरा चेहरा बाहेर आला. पिठलं आणि त्याच कणकेच्या पोळ्या. पाच पोळ्या खाल्ल्यावर एक जण लाजून थांबला तेव्हा आई म्हणाली, “अरे, मी मोजत नाहीये. तूही मोजू नकोस.” मुलं माडीवर झोपली. मला नि त्या दोघींना आजीने आपल्या गोधडीत घेतलं आणि पहाटेपर्यंत आम्ही कुजबुजत राहिलो. सहाच्या गाडीआधी ती सगळी घाटावर जाऊन आली, ढोल्या गणपतीला नमस्कार करून आली, आणि त्यानंतर आमच्या घरी त्यांना कुणी ‘पश्चिमेकडची मुलं’ म्हटलं नाही. आई एकेकाचं नाव घेऊन विचारायची.

दहावीत आम्ही स्वयंसेवक. छातीला रिबिनीचा बिल्ला, काम खुर्च्या लावायचं आणि लहानांना रांगेत ठेवायचं. पडद्याची दोरी नववीच्या मुलांच्या हाती देताना आमच्यातल्या एकाने त्यांना गाठ कुठे अडकते ते दाखवलं आणि मग बराच वेळ तिथेच रेंगाळला. फेब्रुवारीत निरोपसमारंभ झाला. नववीने केलेला चिवडा, बाकांवर उभं राहून काढलेला फोटो, आमच्यातर्फे शाळेला भिंतीवरचं घड्याळ. भाषण करायला उभी राहिलेली प्रत्येक मुलगी अर्ध्यात रडली. पखवाजवाला बोलायला उठलाच नाही. बाईंनी आग्रह केला तेव्हा त्याने बाकावर दोन मिनिटं बोटांनी ठेका धरला आणि खाली बसला. माझ्या स्वाक्षऱ्यांच्या वहीत त्याने नाव, गाव आणि ‘मु. पो.’सकट पूर्ण पत्ता लिहिला आहे, दुसरं काही नाही.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि क्रिकेटचा विश्वचषक एकदमच आले. श्रीलंकेविरुद्धच्या सामन्यात कांबळी रडत मैदानाबाहेर गेला ते मी पुस्तक मांडीवर ठेवून पाहिलं. त्याच महिन्यात बावधनचं बगाड. जूनमध्ये निकाल लागला आणि जी ती आपल्या वाटेला लागली. सात जणांपैकी पाच मुंबईला गेले, वडिलांच्या जागी किंवा वडिलांच्या ओळखीने.

२०२१ मध्ये पंचवीस वर्षं झाली, पण ते वर्ष कोरोनाचं. डिसेंबर २०२२ मध्ये जमलो, शाळेच्याच पटांगणात, चाळीस-पंचेचाळीस जण. मराठीच्या बाई काठी टेकत आल्या. आई नव्हती, तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जांभळीकडच्या मैत्रिणीने नाचणीच्या भाकरी आणल्या होत्या आणि ठेच्याबरोबर दह्याची वाटी न विसरता माझ्यासमोर ठेवली. दुपारी तो आला. कानावरचे केस पांढरे, खांद्यावर शालीत गुंडाळलेला पखवाज. आजोबांनंतर आता गावच्या भजनी मंडळात तोच मुख्य वाजवतो. शाल सोडून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळीच घरून कणीक आणली होती. त्याने गोळा हातात घेतला, अंगठ्याने दाबला, नाकाजवळ नेला.

“बिनतेलाची हाय,” तो म्हणाला, आणि थापायला बसला.